विचारा की! : ‘तुमच्या देशातलं काय आवडतं, काय नाही?’

मागच्या महिन्यात या पानाच्या तळाला मी सहज एक ओळ टाकली होती, आपल्या देशातलं काय आवडतं आणि काय अजिबात आवडत नाही ते कळवा, प्रश्न असतील तर तेही विचारा. ती ओळ अंगाशी आली. मेलवर मेल. त्यातल्या निम्म्यांत ‘आवडतं : संस्कृती, नावडतं : भ्रष्टाचार’ एवढंच आहे. ते सगळे मी वाचले आणि बाजूला ठेवले, कारण लिहिणारा पुण्याचा की परभणीचा, तरुण की रिटायर, काही म्हणजे काही कळायला मार्ग नाही. उरलेल्यांतले थोडे इथे घेतेय. नावं नेहमीप्रमाणे कोणाचीच देत नाही.

जर्मनीतल्या स्टुटगार्टहून एक वाचक : ताई, मी इथे दीड वर्ष झालं, गाड्यांच्या कंपनीत आहे. परवा लंचला आमचा बॉस म्हणाला चला, प्रत्येकाने आपल्या देशातली एक आवडती आणि एक नावडती गोष्ट सांगायची. ब्राझीलवाला सुरू झाला तो थांबेचना, टर्कीची मुलगी पण मस्त बोलली. माझी पाळी आली आणि मी म्हटलं फूड, फेस्टिव्हल्स, फॅमिली, आणि नावडतं म्हणजे ट्रॅफिक. सगळ्यांनी माना डोलावल्या, विषय संपला. घरी आल्यावर वाटलं आपण टूरवाल्यांचं पत्रक वाचून दाखवलं. काय बोलायला हवं होतं?

अरे, मी त्याच गावात सात वर्षं काढलीत. (मुंबईचं भगिनी शहर आहे ते, १९६८ पासून. सख्ख्या सोडा, चुलत बहिणीही वाटत नाहीत.) आणि पहिल्या वर्षी असाच प्रश्न आला तेव्हा मी ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ म्हटलं होतं, चक्क, शाळेतल्या निबंधातलं. समोरचे बिचारे सूप प्यायला लागले.

मग मी तिथले लोक काय बोलतात ते ऐकायला लागले. माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मला रविवार आवडतो. म्हणजे काय तर रविवारी दुकानं बंद, कायद्यानेच बंद, काचेच्या बाटल्यासुद्धा रविवारी कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो, आणि त्या शांततेत त्यांना गल्लीच्या टोकाच्या चर्चची घंटा ऐकू येते. आणि नावडतं काय? तर रेल्वे. त्यावर अर्धा तास. जर्मन माणूस आणि वेळ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय ना, तर २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर आल्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत, त्याच्यापुढे लेट. तुमच्या स्टुटगार्टच्या नव्या स्टेशनचं काम २०१० ला सुरू झालं, २०१९ ला व्हायचं होतं, ते अजून चर्चेचा विषय आहे म्हणजे बघ. त्या आजीबाई कॅलेंडरवर खुणा करून तारखा मोजायच्या.

आणि केरवोखं कळलं का रे तुला अजून? म्हणजे झाडायचा आठवडा. जिन्याची सफाई प्रत्येक घराने पाळीपाळीने करायची, पाळी आली की दाराला पाटी लटकते. आमच्याकडे पाटी आली त्या आठवड्यात मी नेमकी एक पायरी विसरले, आजीबाई काहीच बोलल्या नाहीत, नुसतं त्या पायरीकडे बघितलं. त्या भागात एक म्हण आहे, शिव्या घातल्या नाहीत म्हणजेच कौतुक झालं समजा. मला सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं!

तर मुद्दा काय, त्यांनी रविवार सांगितला, जिना सांगितला, देश नाही सांगितला. आपण एकदम देश सांगायला जातो. एवढा मोठा देश लंच टेबलावर मावत नाही रे.

मग माझं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी सापडलं, ते सांगते, तू तुझं शोध. मला काय आवडतं, तर कोयना एक्स्प्रेसचा डबा. मी सातारची, दर सुट्टीत त्याच गाडीने घरी. तुम्ही चढलात की दोन मिनिटांत समोरची बाई विचारते कुठपर्यंत? मग सरकून चौथी सीट होते, चौघींच्या बाकावर पाचवीही बसते, मग माहेर कुठलं, मुलं किती, लोणंद येईपर्यंत कोणाच्या तरी डब्यातली चटणी-भाकरी तुमच्या हातात. सात वर्षं मी ट्रामने ऑफिसला गेले, कोणी मला कुठपर्यंत म्हणून विचारलं नाही. फार जीव जायचा सुरुवातीला त्यासाठी.

आणि आवडत नाही काय, तर त्याच गप्पांतला पुढचा प्रश्न. ‘आडनाव काय म्हणालात?’ साधा सरळ प्रश्न वाटतो, पण विचारणारीला नाव नको असतं, तिला हिशोब लावायचा असतो. एकदा माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, नर्सिंगला होती मिरजेला, तिने आडनाव सांगितलं आणि समोरच्या बाईने पुढे केलेला डबा मांडीवर परत घेतला, झाकण लावलं, म्हणाली आता भूकच नाही. कोणी काही बोललं नाही. मी पण नाही, तेही सांगायला हवं. ती मुलगी खिडकीबाहेर बघत बसली कराडपर्यंत. घर भाड्याने घेताना, मुलाची शाळा बघताना, अगदी ऑफिसातल्या पार्टीत, हा प्रश्न येतोच.

हे एवढं मी नंतर एकदा जर्मन मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती सूप प्यायला लागली नाही, तिने विचारलं, मग तू काय केलंस?

आणखी एक, आवडत्यात खाण्यापलीकडचंही सांगत जा. माझ्या आईच्या डायबेटीसच्या गोळ्या मी नेहमी सातारहून न्यायचे, तिकडे लागल्या तर डॉक्टरसुद्धा किंमत बघून हसायचे. त्या स्वस्त का, तर १९७० मध्ये आपण पेटंटचा कायदा असा केला की औषधावर नाही, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर पेटंट. २००५ पर्यंत तसं चाललं, तेवढ्यात आपल्या कंपन्या तयार झाल्या. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा बाकी जगात तीच १० हजार डॉलरच्या वर होती. आफ्रिकेत किती माणसं त्यामुळे जगली असतील. हे लंचला सांग, कोणी मान डोलावून गप्प बसणार नाही.

ठाण्याहून एक आजी : मुलगा न्यू जर्सीला असतो. दोन वर्षांनी येतो तो तीन आठवडे, आणि तीन आठवडे एकच, तिकडे असं नसतं, तिकडे असं नसतं. रिक्षात, बँकेत, जेवताना. नातू पण शिकलाय. बोलले तर रागावतो म्हणून गप्प बसते. काय करू?

आजी, नमस्कार. तीन आठवड्यांतला पहिला आठवडा त्याला बोलू द्या, जेट लॅग आहे असं समजा. दुसऱ्या आठवड्यात त्याला तुमची कामं द्या. पेन्शनचा हयातीचा दाखला, गॅसचं केवायसी, सोसायटीची मीटिंग. मीटिंगला तर पाठवाच. जो माणूस सोसायटीच्या मीटिंगला तासभर बसून लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टवर बोलून आला त्याचं नावडतं मी मन लावून ऐकते. आणि त्याला विचारा, तिकडे डॉक्टरची अपॉइंटमेंट किती दिवसांनी मिळते आणि बिल किती येतं. खोचकपणे नाही हं, खरंच विचारा, तो कधी सांगत नसेल तुम्हाला. माझ्या अनुभवात जी मुलं इकडे येऊन सतत तुलना करतात ती तिकडेही सतत तुलना करत असतात, फक्त उलटी, आणि तिकडे त्यांना ऐकायला आई नसते.

नातवाला मात्र ओरडू नका, त्याला वडापाव द्या.

नाशिकहून : आपल्याकडे काहीही चुकीचं दाखवलं की लोक म्हणतात एवढं वाईट वाटतं तर जा दुसऱ्या देशात. यावर काय बोलायचं?

बोलू नका, अर्ज करा. दहा रुपये लागतात. माहिती अधिकार, २००५ चा कायदा, १२ ऑक्टोबरला लागू झाला, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि तो कोणी विद्वानांनी वरून टाकलेला नाही, राजस्थानात दुष्काळी कामांवरच्या मजुरांनी आमची हजेरी दाखवा, मस्टर दाखवा म्हणून मागणी केली, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरलं, तिथून तो आलाय. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या उपोषणांनंतर राज्याचा कायदा केंद्राच्याही आधी आला होता. त्या मजुरांना कोणी म्हटलं असतं जा दुसऱ्या देशात, तर ती माणसं कुठे जाणार होती?

आमच्या गल्लीत गटार साफ करायला माणूस आत उतरवला होता, दोरी लावून, मास्क नाही काही नाही. हाताने मैला वाहायला बंदी घालणारा कायदा १९९३ चा आहे, आणि असं सुरक्षेविना गटारात उतरवायला बंदी घालणारा २०१३ चा. मी व्हिडिओ काढला तर शेजारचे काका म्हणाले कशाला देशाची बदनामी. मी म्हटलं काका, बदनामी व्हिडिओत नाहीये, खड्ड्यात आहे. पुढे अर्ज टाकला, ठेका कोणाचा, मशीन कुठंय. उत्तर आलं, अर्धवट आलं, अपिलात गेलेय. चालू आहे.

म्युनिकहून एक वाचक : आठ वर्षं झाली, जर्मन नागरिकत्व मिळू शकतं. ऐकलं की आता जर्मनी दोन पासपोर्ट चालवते. मग भारताचा ठेवता येईल का? आणि खरं विचारायचं तर, पासपोर्ट बदलला की भारताला नावं ठेवायचा हक्क जातो का?

पहिलं आधी. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालवून घेतलंय, बरोबर ऐकलंत. पण भारत चालवत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तुम्ही दुसरं नागरिकत्व घेतलं त्या क्षणी आपलं संपतं, वेगळं कोणी काढून घ्यावं लागत नाही. मग पासपोर्ट सरेंडर करायचा, तो रद्दचा शिक्का मारून परत देतात. माझी एक मैत्रीण, एकदम प्रॅक्टिकल बाई, टॅक्स वाचवायचा म्हणून लग्नाची तारीख आधी घेतलेली, ती तो शिक्का मारलेला पासपोर्ट बघून कौन्सुलेटच्या जिन्यात बसून रडली. नंतर ओसीआय काढलं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत देतो ते कार्ड.

ओसीआयवर व्हिसा लागत नाही, राहता येतं, नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो. शेतजमीन विकत घेता येत नाही, वडिलोपार्जित आली तर ठेवता येते, हे गावाकडे जमीन असणाऱ्यांनी आधीच घरच्यांशी बोलून घ्या, नंतर भावाभावांत नको. आणि मत देता येत नाही.

आता दुसरं. नावं ठेवायचा हक्क कुठे जातोय, तो जन्मखुणेसारखा आहे, पासपोर्ट ऑफिसात जमा होत नाही. जातं ते मत. पण मला एक सांगा, गेल्या आठ वर्षांत ते वापरलं का? कारण भारतीय पासपोर्ट आहे तोवर परदेशात राहणाऱ्यालाही फॉर्म ६अ भरून नाव नोंदवता येतं, २०११ पासून ही सोय आहे. फक्त मतदानाला प्रत्यक्ष यावं लागतं, आपल्या मतदारसंघात, पासपोर्ट घेऊन. २०२४ च्या लोकसभेला असे १ लाख १९ हजार मतदार नोंदलेले होते. आले किती? तीन हजारसुद्धा नाही, आणि त्यातले बहुतेक केरळचे. म्हणजे विमानाचं तिकीट काढून आखातातून येऊन रांगेत उभे राहिले ते मल्याळी, आणि आपण मराठी मंडळात देशाचं काय होणार यावर परिसंवाद घेतला, नंतर श्रीखंड पुरी. मी त्या परिसंवादाची सूत्रसंचालक होते म्हणून बोलतेय.

घ्यायचा तर घ्या पासपोर्ट, मुलांचं शिक्षण, पेन्शन, आई-वडिलांचं वय, याचा विचार करून घ्या. आवडत्या-नावडत्याची बेरीज-वजाबाकी करून नको. तो हिशोब रोज बदलतो, जुलैत म्युनिकच्या नदीकाठी एक येतो आणि नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडला की दुसरा.

मॉरिशसहून एक वाचक : आमचे पूर्वज रत्नागिरीकडून गेले, आमची पाचवी पिढी. मराठी मी शाळेत शिकलो, घरी आम्ही क्रिओल बोलतो, त्यामुळे चुका माफ करा. गेल्या वर्षी पहिल्यांदा मुंबई पाहिली. सगळे मला विचारत होते, किती वर्षांनी घरी आलात? भारताचं काय आवडतं? मला काय बोलावं कळेना. माझा देश मॉरिशस आहे.

तुमच्या मराठीत मला तरी चूक सापडली नाही, आमच्याकडच्या काही मेलची तुम्हाला दाखवली असती.

तुम्हाला विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तुम्ही बरोबर आहात. १८३४ पासून मजुरांची जहाजं तिकडे लागायला लागली, पोर्ट लुईचा तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्या पायऱ्या चढून जे गेले त्यांनी ऊस लावला, देश उभा केला, १९६८ च्या १२ मार्चला तो स्वतंत्र झाला. गणेश चतुर्थीला तुमच्याकडे सरकारी सुट्टी असते, पूर्ण देशाला. तर घर तेच. मुंबई म्हणजे आजोळ म्हणा फार तर, आणि आजोळी आलेल्या नातवाला कोणी घरी कधी परत आलास असं विचारत नाही, घरी कधी जाणार असं विचारतात.

तुम्ही पुढे लिहिलंय ते मला जास्त भिडलं. आवडतं काय, तर २००५ पासून विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना बस फुकट आहे, तुमची आजी दर मंगळवारी उगाच समुद्र बघून येते. कसलं भारी आहे हे! आणि नावडतं काय, तर निवडणूक. उमेदवारी अर्जात आपला समाज लिहायचा, हिंदू, मुस्लिम, चिनी किंवा बाकीचे, आणि ६२ जागा निवडून आल्या की वर जास्तीत जास्त आठ जागा त्या हिशोबाने भरायच्या म्हणजे कोणी कमी पडू नये. हेतू चांगला, पण त्यामुळे माणूस बोलायला लागला की लोक आधी त्याचा समाज मोजतात, असं तुम्ही म्हणता.

म्हणजे आडनाव काय म्हणालात. पाच पिढ्या, चार-साडेचार हजार किलोमीटर समुद्र, आणि बाकी सामान किनाऱ्यावर राहिलं तरी हा प्रश्न बोटीत चढलाच. वरती स्टुटगार्टवाल्याला लिहिलेलं वाचा, डबा झाकणारी बाई तुम्हाला ओळखीची वाटेल.

सोलापूरहून एक शिक्षिका : सातवीला ‘माझा देश’ हा निबंध दिला. चौतीस मुलांनी ‘विविधतेत एकता’ लिहिलं, गाईडमधलं. एका मुलीने वेगळंच लिहिलं. तिने लिहिलंय, आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी येतं, ते मला आवडत नाही, कारण त्या दिवशी मी शाळेत येत नाही. पण आम्ही गावाला गेलो तर शेजारच्या वहिनी आमचा ड्रम भरून ठेवतात, आणि आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडेच असते, ते मला आवडतं. एवढाच निबंध, सहा ओळी. आमच्या हेडसरांचं म्हणणं विषय सोडून आहे, दहापैकी तीन द्या. तुम्ही किती दिले असते?

बाई, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, तेव्हा सगळ्या पेपरांनी त्या गाडीचे फोटो छापले, किती डबे, किती लाख लिटर. पाण्याच्या दिवशी कुठली मुलगी शाळेत नव्हती ते मात्र मी कुठे वाचलेलं आठवत नाही. तुमच्या विद्यार्थिनीने ते सहा ओळींत लिहिलं. विषय सोडून कसा, बाकीच्या चौतीस जणांनी सोडलाय.

हेडसरांना सांगा की रोज सकाळी परिपाठाला आपण जी प्रतिज्ञा म्हणतो ना, पायडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये तेलुगूत लिहिलेली, तिच्यात ‘माझा देश आणि माझे देशबांधव’ असं दोन्ही आहे. वहिनी त्यात बसतात. ड्रमसकट.

मी नऊ दिले असते. एक कापला असता, कारण तुम्ही पाठवलेल्या फोटोत तिने ‘पाणी’ ऱ्हस्व लिहिलंय.